उलटा बाण

कॅमेऱ्यासमोर मला शिकवता येत नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण ते मी कुणाला सांगितलं नाही. ज्युनियर कॉलेजातून निवृत्त झाले, आणि घरात बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं म्हणून कॉलेज रोडवरच्या एका क्लासचं काम घेतलं. अकरावीचं फिजिक्स, व्हिडिओवर. घरी मी एकटीच. आई होती तोवर निदान भांडण तरी व्हायचं. ती गेल्यापासून गंगापूर रोडच्या माझ्या फ्लॅटमध्ये दिवसभरातला सगळ्यात मोठा आवाज म्हणजे कुकरची शिट्टी, आणि एका माणसाच्या भाताला ती किती होणार.

रेकॉर्डिंगची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. भिंतींना काळा फोम चिकटवलेला, खिडकी कायमची बंद, एका बाजूला डिजिटल बोर्ड आणि समोर तीन पायांवर उभा कॅमेरा. कॅमेऱ्यामागे एक गृहस्थ बसायचे. लग्नांची शूटिंगं करून करून त्यांना माणसांच्या चेहऱ्यांचा कंटाळा आला असावा, कारण ते माझ्याकडे कधीच बघत नसत. कानांवर हेडफोन आणि नजर स्क्रीनवर. माझा आवाज त्यांच्या दृष्टीनं वरखाली होणारी एक हिरवी रेघ होती. ती रेघ नीट हलली की ते अंगठा वर करायचे. उभ्या आयुष्यात मला इतकं कौतुक आणि इतकं कमी लक्ष एकाच वेळी कुणी दिलेलं नाही.

शिकवायला मला एक न समजलेला चेहरा लागतो. हुशार मुलांचा मला तसा काही उपयोग नसे. तिसऱ्या बाकावर कुणीतरी कपाळाला आठ्या घालून बसलेलं असलं की माझं गाडं पुढं सरकायचं. तो चेहरा सैल होईपर्यंत मी तेच गणित तीन तऱ्हांनी सांगायचे. कॅमेऱ्याच्या काचेला आठ्या पडत नाहीत. त्यामुळे मी थोडक्यात सांगून मोकळी व्हायचे, आणि घरी येताना काहीतरी अर्धवट टाकून आल्यासारखं वाटायचं.

आमच्या कॉलेजात येणारी निम्मी मुलं बाहेरगावची. येवला, लासलगाव, विंचूर, पहाटेच्या एसटीनं यायची आणि पहिल्या तासाला पेंगायची. दहावीपर्यंत मराठीतून ‘प्रभार’ शिकलेली ही मुलं अकरावीत एकदम ‘चार्ज’पाशी येऊन उभी राहायची. शब्दाचं काही नाही, तो आठवड्यात अंगवळणी पडतो. खरी अडचण असते ती चिन्हाची. दोन चार्ज एकमेकांना किती बलानं ओढतात किंवा ढकलतात, हे काढायचं सूत्र सोपं आहे. दोन्ही चार्जचा गुणाकार करायचा, मधल्या अंतराच्या वर्गानं भागायचं, आणि एका ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. मुलं काय करतात, तर त्यात मायनसचं चिन्हही घालतात. मग उत्तर मायनस येतं. ते मायनस बघून त्यांना वाटतं, बाण उलटा काढायला हवा. आकृती बघून बाण आधीच नीट काढलेला असतो, तो ही मंडळी पुन्हा फिरवतात. मीठ घातलेल्या आमटीत सासूनं येऊन परत मीठ घालावं, तसला प्रकार.

म्हणून माझं वर्गात एकच सांगणं असायचं. चिन्ह खिशात ठेवा. आधी नुसता आकडा काढा. मग चिन्ह खिशातून बाहेर काढा, बघा, सारखे असतील तर ढकलतात, वेगळे असतील तर ओढतात, आणि त्याप्रमाणे बाण काढा. एकदा एक मुलगी म्हणाली, “मॅडम, आमच्या ड्रेसला खिसा नाही.” मी म्हटलं, “मग ओढणीच्या टोकाला बांध.” त्या वर्षी परीक्षेत म्हणे मुली पेपर लिहिताना ओढणीला गाठी मारत होत्या आणि सुपरव्हायझरना कॉपीचा संशय आला.

पण नुसतं सांगून कुणाला काही कळत नाही. त्यासाठी माझा एक डाव होता. बोर्डावर एका रेषेत तीन चार्ज काढायचे. डावीकडे प्लस चार, मध्ये मायनस दोन, उजवीकडे प्लस तीन, सगळे मायक्रोकूलॉममध्ये, आणि दोन्हीकडे सारखंच तीस सेंटिमीटर अंतर. मधल्यावर बल किती? डावीकडचा त्याला ओढतो शून्य पॉइंट आठ न्यूटननं, डावीकडे. उजवीकडचा ओढतो शून्य पॉइंट सहा न्यूटननं, उजवीकडे. दोघांची ओढाताण. शेवटी शून्य पॉइंट दोन उरतं, डावीकडे. इथे मी दुसरा बाण मुद्दाम उलटा काढायचे, डावीकडेच. जणू उजवीकडचा प्लस मधल्या मायनसला ढकलतोय. आणि बोर्डाकडे तोंड करून, वर्गाकडे पाठ करून, जरा थांबायचे.

एक क्षण शांतता असायची. मग एक आवाज यायचा, बहुतेक मागच्या बाकावरून, “मॅडम, बाण!” आणि मग सगळा वर्ग. “बाण! बाण उलटा!” बाकांवर हात आपटायचे. मी वळायचे आणि एकदम भोळा चेहरा करून विचारायचे, “का? काय झालं?” मग त्यांनी मला समजावून सांगायचं. ज्यानं एकदा मला ओरडून चूक दाखवली, तो पुढं आयुष्यात तो बाण चुकत नसे.

हा डाव पुढंपुढं फुटला. एका वर्षीची मुलं पुढच्या वर्षीच्यांना सांगून ठेवायची, आणि नवी बॅच त्या तासाला दबा धरून बसायची. काही उतावीळ तर मी पहिला, चांगला बरोबर बाण काढला तरी ओरडायचे. शेजारच्या लॅबमध्ये केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल घेणारे सर मला स्टाफरूममध्ये विचारायचे, “झाला का तुमचा बाण आज? माझ्या पोरांच्या हातातल्या टेस्ट ट्यूब हलल्या.” मी म्हणायचे, “तुमच्या लॅबमध्ये तेवढंच काय ते हलतं.” आता हे सर महात्मानगरला राहतात आणि गुडघ्यांमुळे फिरायला येत नाहीत. अधूनमधून आमचा फोन होतो.

तर त्या दिवशी मी काळ्या खोलीत हाच धडा रेकॉर्ड करत होते. तीन चार्ज काढले. आकडे काढले, चिन्ह खिशात ठेवायला सांगितलं. पहिला बाण काढला. दुसरा बाण उलटा काढला. मी ठरवून काही केलं नाही. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप गेला. कॅमेऱ्याकडे पाठ केली आणि थांबले.

एसीचा आवाज येत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षा सुरू करत होतं, तेही फोममधून अगदी बारीक. मी थांबले होते, आणि कशासाठी थांबलेय हे त्या क्षणी मला नीट आठवत नव्हतं. मागं वळून पाहिलं तर गृहस्थांनी अंगठा वर केला. मी पुन्हा बोर्डाकडे वळले आणि दोन्ही बाण एकाच दिशेला आहेत म्हणून शून्य पॉइंट आठ आणि शून्य पॉइंट सहा यांची बेरीज केली. एक पॉइंट चार न्यूटन. उत्तराभोवती चौकट काढली. पुढच्या गणिताला लागले.

दुपारी घरी मटार सोलत बसले होते, तेव्हा लक्षात आलं. शेंग हातातच राहिली. आधी मला हसूच आलं. मग भीती वाटली, की वय झालं का आपलं. पण तसं नव्हतं. मी नीट विचार केला. त्या डावात चूक करायची ती मी, आणि दुरुस्त करायची ती त्यांनी, असं इतकी वर्षं चाललं होतं. दुरुस्तीचा भाग माझ्याकडे कधी नव्हताच. त्यांचा आवाज आला की मगच माझा हात फिरायचा. तो आला नाही, म्हणून हात फिरला नाही.

लगेच क्लासला फोन करायला हवा होता. फोन उचललाही. आणि मग मनात आलं, थांबू या. बघू या, कोण ओरडतंय. हे वाचणाऱ्याला विचित्र वाटेल, पण मला त्या वेळी बेरीज दुरुस्त करण्यापेक्षा त्या काचेच्या पलीकडे कुणी आहे की नाही, हे कळायची जास्त गरज होती. कित्येक महिने मी त्या खोलीत बोलत होते. पलीकडे कुणी आठ्या घालून बसलंय, असं एकदाही जाणवलं नव्हतं. एवढी चूक बघून तरी कुणीतरी तोंड उघडेल, असं वाटलं.

व्हिडिओ आला. मी रोज सकाळी चहाबरोबर त्याच्याखालच्या प्रतिक्रिया वाचायला लागले. नाइस मॅम. मॅम पीडीएफ द्या. थँक्यू मॅम. एकानं लाल हृदय टाकलं होतं, एकानं विचारलं होतं की हा धडा परीक्षेला किती मार्कांना येतो. कुणीतरी सल्ला दिला होता की मॅडम हळू बोलतात, दीडपट वेगानं बघा. मी स्वतः तो व्हिडिओ लावून बघितला. त्यात मी पाठ करून उभी होते, पांढऱ्या केसांची, जरा वाकलेली, आणि बराच वेळ उभी होते. ते बघवेना, म्हणून बंद केला.

दिवस जात राहिले आणि बाणाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मला राग यायला लागला. पोरं बघतच नाहीत, नुसतं उत्तर उतरवून घेतात, असं मी भाजी चिरताना मोठ्यानं म्हणायचे. नंतर राग गेला आणि नुसतंच रिकामं वाटायला लागलं. मी केमिस्ट्रीच्या सरांना फोन करून सगळं सांगितलं. ते खूप हसले. मग म्हणाले, “अहो मॅडम, आपल्यावर ओरडायला आता कोण राहिलंय?” हे त्यांनी गमतीतच म्हटलं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ सोफ्यावर बसून होते. बाहेर जायचं होतं, गेले नाही.

शेवटी लाज वाटली ती मुलांच्या चाचणीचं वेळापत्रक आल्यावर. आपल्या हट्टापायी कुणी एक पॉइंट चार लिहून येईल, हे काही बरोबर नव्हतं. मी दुपारी क्लासच्या ऑफिसात गेले. संचालक बाहेर गेले होते. काउंटरवर फोन घेणारी मुलगी होती. मी तिला सांगितलं, “चार्जचा तो व्हिडिओ काढून टाकायला सांगा. माझी चूक झालीय त्यात, पुन्हा रेकॉर्ड करते.”

ती म्हणाली, “बाणाची का?”

“तुम्हाला कसं माहीत?”

“एका मुलीचे सारखे फोन यायचे, मॅडम. विंचूरकडची आहे, आपल्या ऑनलाइन बॅचची. मॅडमचा बाण उलटा आहे, म्हणायची. मी संचालक सरांना विचारलं. सर म्हणाले, मॅडमना तीस वर्षांचा अनुभव आहे, त्यांचं चुकेल कसं? तिला म्हणावं, उत्तर बरोबर आहे, परत व्हिडिओ बघ.”

“मग?”

“मग तसं सांगितलं. तिनं परत बघितला आणि परत फोन केला. असं दोन-तीनदा झालं. नंतर बंद झाले फोन.”

“आणि मला का नाही सांगितलंत?”

“तुम्हाला कशाला त्रास, मॅडम,” ती म्हणाली. खरोखरच मायेनं म्हणाली, त्यामुळे तिच्यावर चिडताही येईना. मी म्हटलं, त्या मुलीचा नंबर लावा. लावून तिनं फोन माझ्या हातात दिला, आणि मी काउंटरपाशी उभ्या उभ्याच बोलले.

“हॅलो, कोण?”

मी सांगितलं, व्हिडिओतली फिजिक्सची मॅडम.

पलीकडे काहीतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. “मॅडम, तुम्ही? खऱ्या?”

“खरीच. बाणाबद्दल तूच फोन केला होतास ना?”

“हो मॅडम. सॉरी मॅडम. तेव्हा माझंच चुकलं होतं. नंतर मी लय वेळा बघितला व्हिडिओ. आता येतं मला. एक पॉइंट चारच येतं.”

“कसं येतं?” मी विचारलं. माझा आवाज वर्गातल्यासारखाच चढला.

“म्हणजे तुम्ही काढलाय ना बाण, तसाच धरायचा.”

“उजवीकडचा प्लस आहे, मधला मायनस आहे. मग तो त्याला ढकलतो?”

ती घुटमळली. “ओढतो. पण तिथं ढकलत असंल मॅडम, काहीतरी कारण असंल. मला नाय कळलं ते. म्हणून तर मी सोडलं.”

“काय सोडलंस?”

“सायन्स. मी आर्ट्सला गेले मॅडम. मागच्या आठवड्यातच नाव बदललं. पप्पा म्हणले, इतक्या वेळा बघून पण कळत नसंल, तर कशाला जीवाला त्रास.”

काउंटरवरची मुलगी माझ्यासाठी खुर्ची घेऊन आली. मी बसले नाही. फोनवरच्या मुलीला सांगितलं की बाण उलटाच होता. वर्गात तो मी मुद्दाम उलटा काढायचे, मुलांनी ओरडावं म्हणून, त्याच सवयीनं हात गेला आणि मग दुरुस्त करायचा राहून गेला. तुझं काहीच चुकलं नव्हतं, ऑफिसानं तुला जे सांगितलं ते चूक होतं. हे सगळं मी फार भराभर बोलले. मग म्हटलं, परत ये सायन्सला. मी तुझ्या पप्पांशी बोलते, तुझ्या कॉलेजात येऊन बोलते, मला वेळच वेळ आहे.

“नको मॅडम,” ती म्हणाली. “पुस्तकं पण आली आता आर्ट्सची. आणि मैत्रिणी झाल्यात तिथं.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. एखादी गोष्ट आवरून, झाडून ठेवून दिल्यावर माणूस बोलतो, तशी ती बोलत होती. मी तरी पुन्हा म्हटलं. तिनं पुन्हा नको म्हटलं, आणि या वेळी जरा घाईनं, मी आणखी म्हणू नये म्हणून.

पलीकडे पुन्हा भांड्याचा आवाज आला. मला वाटलं, आता फोन ठेवेल.

“मॅडम, म्हणजे शून्य पॉइंट दोनच?”

“शून्य पॉइंट दोन.”

“डावीकडं?”

“डावीकडं.”

“मला पहिल्यांदा तेच आलतं,” ती म्हणाली. “मी वरडले पण होते, मॅडम. बाण, बाण करून, मोबाईलवर. घरात कोणी नव्हतं. तुम्ही पाठ करून उभ्या होत्या, थांबल्यासारख्या. मला वाटलं, आता वळतील.”